पडणारे दान आणि दिलेले दान

सोंगट्यांच्या पटावर दान पडते. बुद्धिबळाच्या पटावर ते द्यावे लागते. या दोन खेळांतला सारा फरक एका शब्दाच्या या दोन अर्थांत सामावलेला आहे. सोंगट्यांत हरलेल्याला फाशांना बोल लावता येतो. बुद्धिबळ खेळणाऱ्याला ती सोय नाही. त्याने गमावलेले प्रत्येक प्यादे त्याच्याच हाताने गेलेले असते. म्हणूनच एखादा खेळाडू धडधाकट मोहरे आपण होऊन प्रतिपक्षाच्या तोंडी देतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात प्रथम शंका येते ती त्याच्या शहाणपणाविषयी. त्याच्या पराक्रमाविषयीचा विचार नंतरचा.

ही शंका स्वाभाविक आहे. भिवंडीच्या कामतघरात पाळी संपवून आलेली चार माणसे पट मांडून बसली, तर भोवती उभे राहणारे बघे प्रथम काय पाहतील? पटाबाहेर पडलेली मोहरी मोजतील. ज्या यंत्रमागाच्या गावात मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते, तेथे मोजणे हा छंद नसून जगण्याची रीत असते. बुद्धिबळानेही नवशिक्यांसाठी असाच एक दरफलक लावून ठेवला आहे. प्याद्याचा एक गुण, घोडा आणि उंट यांचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५ आणि वजिराचे ९. शाळेत बुद्धिबळ शिकवणारे गुरुजी पहिल्याच दिवशी हा फलक पाठ करून घेतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. हिशेब न येणाऱ्याला खेळ येत नाही. प्रश्न इतकाच आहे की, हिशेब आला म्हणजे खेळ आला काय?

या प्रश्नाचे एक ठसठशीत उत्तर ५ एप्रिल २०२४ रोजी कॅनडातील टोरांटो येथे मिळाले, आणि ते देणारा खेळाडू नाशिकचा होता. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा तेथे नुकतीच सुरू झाली होती. आठ खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव, एकूण चौदा फेऱ्या. दुसऱ्या फेरीत विदित गुजराथी याची गाठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा याच्याशी पडली. नाकामुरा त्यापूर्वीच्या ४७ प्रदीर्घ डावांत एकदाही हरलेला नव्हता. शिवाय त्या दिवशी पांढरी मोहरी, म्हणजे पहिल्या चालीचा लाभ, त्याच्याकडे होती. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याने अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बरोबरी साधली तरी त्याची पाठ थोपटली जाते. परंतु डाव जेमतेम रंगू लागला असतानाच विदितने आपला उंट पटाच्या आरपार नेऊन पांढऱ्या राजासमोरच्या कडेच्या प्याद्यावर घातला. तीन गुणांचे मोहरे एका गुणाच्या प्याद्यासाठी! अवघ्या २९ खेळ्यांत नाकामुराने डाव सोडला आणि त्याची अपराजित मालिका तेथेच खुंटली.

अशा घावामागचे तर्कशास्त्र गूढ नाही. किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात जाऊन बसतो, तेव्हा त्याच्यापुढची तीन प्यादी ही त्याची तटबंदी असते. ती प्यादी जागची हलली नाहीत तोवर तट सहसा भक्कम असतो. त्यांतले एक एक घर पुढे सरकले की तेथे पकडण्याजोगी कड निर्माण होते. आक्रमकाचा उंट त्या कडेवर आदळतो. बचाव करणाऱ्याने उंट मारला, तर राजाला लागून असलेले प्यादे आपली जागा सोडते आणि तटाला खिंडार पडते. न मारावा, तर एक प्यादे फुकट जाते आणि शत्रूचा उंट दारातच ठाण मांडून बसतो. दरफलकावर आक्रमक दोन गुणांनी मागे पडलेला असतो. पण फलक सबंध पटाची बेरीज करतो आणि लढाई पटाच्या एका कोपऱ्यात चाललेली असते. त्या कोपऱ्यात आक्रमकाचा वजीर, घोडा आणि हत्ती धावून येऊ शकत असतील, आणि बचाव करणाऱ्याचे वजीर-हत्ती दुसऱ्या टोकाला आपापल्या घरी स्वस्थ बसलेले असतील, तर त्या क्षणापुरते त्यांचे मोल शून्य असते. बुद्धिबळातले बलिदान म्हणजे मोहऱ्यांचे काळात केलेले रूपांतर होय. देणारा साहित्य देतो आणि वेळ विकत घेतो. ती वेळ वाया गेली, तर दान उधळण ठरते.

दान आणि उधळण यांतील ही सीमारेषा कोठे आखावी, याचा सर्वांत सुबोध विचार ऑस्ट्रियाचा आक्रमक खेळाडू रुडोल्फ श्पीलमान याने १९३५ मधील आपल्या पुस्तकात केला. त्याने बलिदानाचे दोन वर्ग कल्पिले. पहिल्यात दिलेले सारे ठराविक चालींनंतर व्याजासह परत येणार, किंवा मात होणार, हे खेळाडूला आधीच दिसत असते. श्पीलमानच्या मते हे खरे बलिदान नव्हेच. ती मुदतीची ठेव आहे. उंटाने राजापुढचे प्यादे मारून शह द्यायचा, मागोमाग घोड्याने दुसरा शह द्यायचा आणि मग वजिराने कडेच्या पट्टीवर उतरायचे, ही जोडणी इटलीच्या ग्रेको याने सतराव्या शतकातच नोंदवून ठेवली होती आणि आज ती शाळकरी मुलांनाही पाठ असते. दुसऱ्या वर्गातील बलिदान वेगळे. तेथे शेवट दिसत नाही. खेळाडूला एवढेच जाणवते की प्रतिपक्षाचा राजा उघडा पडला आहे, आपली मोहरी जवळ आहेत, आणि चार चालींनंतर काहीतरी निघेल. तो मोजता येईल तेथवर मोजतो आणि पुढचे आपल्या परिपक्व अंदाजावर सोपवतो. श्पीलमान यालाच खरे बलिदान म्हणतो, कारण यात खरोखर काही पणाला लागलेले असते.

आपल्याकडच्या जुन्या देशी खेळाला हा विचार परका नव्हता. देशी पद्धतीत प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर पराक्रम झाला असे मानीत नसत. डाव बुर्जी होऊन पूर्ण विजय हातचा जात असे. केवळ मारामारी करून, एकास एक मोहरे कापून, हाताशी उरलेल्या शिलकीवर जिंकण्याची वाट त्या नियमाने अडवून धरली होती. शत्रूचे सैन्य पटावर उभे असतानाच त्याच्या राजाला कोंडायचे, आणि त्यातही प्याद्याने मात केली तर तिचा मान अधिक. सर्वांत क्षुद्र मोहऱ्याच्या हातून सर्वांत मोठे काम करून घेण्यासाठी मोठी मोहरी बाजूला सारावी लागतात, प्रसंगी देऊनही टाकावी लागतात. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर छापले गेले, तेव्हा प्याद्याने मात करा, अमुक मोहरे न मारता मात करा, अशा अटी घातलेली देशी कूटे इंग्रजी वाचकांपुढे आली. युरोपात आक्रमक बुद्धिबळाचे पर्व बहरण्याआधीची ही गोष्ट आहे.

ते पर्व बहरले १८५१ मध्ये. लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत जर्मनीचा अँडरसन आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेला किझेरित्स्की हे सहज म्हणून एक डाव खेळले. अँडरसनने एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, अखेर वजीरही दिला, आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने २३ व्या चालीला मात केली. किझेरित्स्कीच्या बाजूची बहुतेक सारी फौज पटावर जिवंत होती. फक्त ती कामावर नव्हती. या डावाला ‘अमर डाव’ असे नाव मिळाले ते आजही टिकून आहे. पुढे चिकित्सकांनी त्यात दोन्ही बाजूंच्या चुका दाखवून दिल्या. किझेरित्स्कीला वाचता आले असते, अँडरसनला याहून सोप्या रीतीने जिंकता आले असते, वगैरे. ते सारे खरे आहे. तरीही चूक नसलेले हजारो डाव विस्मृतीत गेले आणि हा राहिला.

हाच वाद दीडशे वर्षांनंतर अधिक तीव्रतेने उभा राहिला. २० जानेवारी १९९९ रोजी हॉलंडमधील वाइक-आन-झे या गावी गॅरी कास्पारोव्हने बल्गेरियाच्या तोपालोव्हविरुद्ध २४ व्या चालीला पटाच्या मध्यावर एक हत्ती दिला. तोपालोव्हने तो घेतला. लगेच पुढच्या चालीला कास्पारोव्हने दुसरा हत्ती शह देत पुढे केला. तो घेणे मात्र शक्य नव्हते. त्यानंतर काळ्या राजाची जी फरफट सुरू झाली, ती त्याला आपला गड सोडून, सारा पट ओलांडून, थेट पांढऱ्याच्या घरच्या ओळीपर्यंत घेऊन गेली. ४४ व्या चालीला तोपालोव्हने हार मानली. आधुनिक काळातला सर्वोत्तम डाव म्हणून याचे नाव अनेकजण घेतात. आणि तरीही गणकयंत्र शांतपणे सांगते की पहिला हत्ती मारलाच नसता आणि राजा एक घर पुढे सरकवला असता, तर तोपालोव्हला भिण्याचे कारण नव्हते. मग या डावाला महान म्हणायचे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर देताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बलिदान म्हणजे केवळ गणिताचे विधान नव्हे, तर समोर बसलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न आहे. घड्याळ टिकटिकत आहे, डोके तापले आहे, आणि समोर एक हत्ती फुकट पडला आहे. घ्यावा तर भय, न घ्यावा तर दुबळेपणाची कबुली. यंत्राला घड्याळाचा धाक नसतो, मोहही नसतो. म्हणून यंत्र उत्तर चटकन देते. लाटव्हियाचा मिखाईल ताल १९६० मध्ये बोट्विनिकला हरवून वयाच्या २३ व्या वर्षी जगज्जेता झाला, तो असेच प्रश्न विचारून. पण पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्याच बोट्विनिकने त्याच्याकडून जगज्जेतेपद परत घेतले, हेही विसरता कामा नये. प्रश्न विचारण्याची कला कितीही मोठी असली, तरी समोरच्याला उत्तर शोधण्याची बुद्धी असतेच.

आणि प्रत्येक बलिदान हल्ल्यासाठीच असते असेही नाही. १९५३ मध्ये झ्यूरिकच्या स्पर्धेत तरुण पेट्रोशियन रेशेव्हस्कीविरुद्ध अडचणीत सापडला होता. पांढऱ्याची मधली प्यादी भिंतीसारखी पुढे सरकत होती. पेट्रोशियनने आपला हत्ती निमूटपणे अशा घरी नेऊन ठेवला की तो उंटाच्या मोबदल्यात सहज मारला जावा. ना शह, ना धमकी. त्या एका हत्तीच्या किमतीत त्याने आपल्या घोड्यासाठी पटाच्या मध्यावर असे ठाणे मिळवले की पांढऱ्याची प्यादी जागच्या जागी थिजली. डाव बरोबरीत सुटला. या चालीत दिपवणारे काही नाही. पण हत्तीचे पाच आणि उंटाचे तीन हा दरफलक परिस्थितीपुढे किती लवचीक आहे, हे याहून स्वच्छ कोणी दाखवले नसेल. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी शेताचा तुकडा विकून घर वाचवावे, तशी ही चाल आहे.

आता पुन्हा टोरांटोकडे वळायला हवे, कारण नाकामुरावरील विजयाशी गोष्ट संपत नाही. त्या झळाळत्या विजयानंतरच्या दोन्ही फेऱ्यांत विदित हरला. आधी प्रज्ञानंदकडून आणि मग नेपोम्नियाच्चीकडून. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, आइल ऑफ मॅन बेटावर झालेली ग्रँड स्विस स्पर्धा त्याने पहिलाच डाव हरूनही जिंकली होती आणि तिच्याच बळावर तो टोरांटोला पोहोचला होता. पडून उठणे त्याला ठाऊक होते. पण कँडिडेट्समध्ये प्रत्येक प्रतिस्पर्धी तोलामोलाचा, आणि तेथे एका सुंदर डावाचाही एकच गुण मिळतो. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवले खरे. पण अखेरच्या तक्त्यात १४ पैकी ६ गुण घेऊन तो सहाव्या स्थानी राहिला. यशापयशाचा हिशेब येथेच मिटवणाऱ्याला वाटेल की उंट दिला तो एका दिवसाच्या टाळ्यांसाठी.

तक्ता मात्र आणखी काही सांगतो. स्पर्धा गुकेशने ९ गुणांसह जिंकली. नाकामुरा, कारुआना आणि नेपोम्नियाच्ची हे तिघे प्रत्येकी साडेआठ गुणांवर, म्हणजे केवळ अर्ध्या गुणाने मागे राहिले. नाकामुराने साऱ्या स्पर्धेत दोनच डाव गमावले, आणि ते दोन्ही विदितविरुद्ध. त्यांतला एक जरी बरोबरीत सुटता, तरी नाकामुरा गुकेशच्या बरोबरीला येऊन निर्णायक लढतीची मागणी करू शकला असता. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूर येथे गुकेश डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूने दिलेल्या उंटाचे मोल त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाले नाही. तरी जागतिक बुद्धिबळाचा इतिहास ठरण्यात त्याचा वाटा होता. याचा अर्थ ते दुसऱ्यासाठी केलेले दान होते असा नव्हे. विदित स्वतःसाठीच खेळत होता, आणि तसेच खेळले पाहिजे. पण पटावर निष्ठेने केलेल्या कृतीचे फळ नेहमी कर्त्याच्याच पदरात पडते असे नाही, हे शिक्षकी पेशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

याच ठिकाणी मुद्दा बुद्धिबळाच्या बाहेर पडून आपल्या घरात येतो. महाराष्ट्रात या खेळाची परंपरा लहान नाही. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह अजिंक्यपद मिळवले. खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदावर कित्येक वर्षे आपले नाव कोरले. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, ते भारतातले तिसरे. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष तिच्या नावावर नव्हता. त्या एकाच विजयाने तो किताब तिला थेट मिळाला. या वार्तांनी गावोगावच्या पालकांच्या मनात आशा जागवली आहे. वर्ग भरत आहेत, स्पर्धा होत आहेत, आणि प्रत्येक मुलाच्या हाती असे गणकयंत्र आहे की जे कोणत्याही जगज्जेत्याहून सरस खेळते.

या यंत्राचा लाभ मोठा आहे; धोकाही तेवढाच आहे. डाव संपताच मूल यंत्राकडे धाव घेते आणि प्रत्येक चालीखाली लाल-हिरवी खूण पाहते. बलिदान करून हरलेल्या मुलाला लाल खूण मिळते. हाती आलेला हिशेब सांभाळून, काहीही न देता, बेचव बरोबरी साधणाऱ्याला हिरवी. दोन-चार वेळा लाल खूण मिळाली की ते मूल पुन्हा उंटाला हात लावीत नाही. परीक्षेच्या गुणपत्रिकेने जे वर्गात केले, तेच आता पटावर होऊ लागले आहे. चूक टाळणे हेच ज्ञान, असा समज दृढ होतो. वस्तुतः श्पीलमानने सांगितलेले खरे बलिदान शिकण्याची एकच रीत आहे: ते करून पाहणे, हरणे, आणि नेमके कोठे मोजणे संपले व कोठे अंदाज चुकला हे यंत्र उघडण्याआधी स्वतः शोधणे. आजच्या श्रेष्ठ खेळाडूंची आरंभीची कितीतरी शस्त्रे घरी यंत्राच्या सहाय्याने पारजलेली असतात, यात शंका नाही. पण यंत्राचा आधार सुटल्यानंतरच्या चाली खेळाडूला एकट्यालाच शोधाव्या लागतात. ते बळ त्याने लहानपणी हरलेल्या डावांतूनच मिळवलेले असते.

अर्थात याची उलट बाजूही मुलांना तितक्याच आग्रहाने सांगितली पाहिजे. उंट देणे म्हणजे शौर्य नव्हे. मोजता येत असताना न मोजणे हा आळस आहे, आणि आळसाला धाडसाचे नाव देऊन तो लपत नाही. दरफलक झुगारण्याचा अधिकार ज्याला तो तोंडपाठ आहे त्यालाच असतो. शिवाय पटावरचे बलिदान प्रामाणिक असण्याचे एक साधे कारण आहे. देणारा स्वतःचे मोहरे देतो, आणि डाव फसला तर पराभवाच्या कागदावर सहीही त्यालाच करावी लागते. पटाबाहेरच्या जगात बलिदानाची भाषा करणारे पुष्कळदा दुसऱ्याचीच प्यादी पुढे करीत असतात. बुद्धिबळ हा फरक लहान वयात शिकवते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण म्हटला पाहिजे.

कामतघरच्या एखाद्या खोलीत दिवसभराच्या कामाने थकलेला बाप मुलासमोर पट मांडतो, तेव्हा त्याला ग्रँडमास्टर घडवायचा असतोच असे नाही. मुलगा चुकून नव्हे, तर विचार करून घोडा देईल, आणि चार चालींनंतर त्याचा हल्ला ओसरेल. अशा वेळी बापाने ‘घोडा का गमावलास?’ असे विचारू नये. ‘घोडा देऊन काय मिळणार होते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल मोजायला शिकते; दुसऱ्याने मोल करायला. फाशांचे दान कोणालाही पडते. समजून दिलेल्या दानाची सवय मात्र कोणीतरी, केव्हातरी, हरलेल्या डावानंतर मुलाजवळ बसून लावावी लागते.